मुलांनो, सुरक्षा हा विषय शिका

बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की सेवाग्राम-वर्धा भागातल्या घराघरांत एकच बोलणं सुरू होतं. कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच, फी किती, पुढे नोकरीचं काय. अलीकडे या बोलण्यात ‘एरोस्पेस’ हे नाव यायला लागलं आहे. त्याला कारणही आहे. पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात, मिहानमध्ये, मोठी प्रवासी विमानं दुरुस्तीला येतात. बोईंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या फरशीखालचे बीम तिथे तयार झाले, फाल्कन जेटचे भाग तिथे जुळवले जातात. पिनाक रॉकेट आणि नागास्त्र ड्रोन ही नावं पानठेल्यावरही ऐकू येतात. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटी कंडक्टरच्या घरातल्या मुलामुलींनी विमानाचं शिक्षण मनावर घ्यावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. माझं सांगणं एवढंच, की विमान किंवा रॉकेट शिकताना कामाच्या जागेची सुरक्षा हा विषयही तितक्याच मन लावून शिका. जमलं तर तोच मुख्य विषय करा. आपल्या जिल्ह्याला अशा शिकलेल्या माणसांची फार गरज आहे.

गरज का, ते आधी सांगतो.

आपल्याकडे एरोस्पेस म्हणजे नुसती विमानं नाहीत. विदर्भात या उद्योगाला लागूनच दारूगोळ्याचा आणि रॉकेटच्या इंधनाचा मोठा पसारा आहे. अंबाझरी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर आणि भद्रावती इथल्या आयुध निर्माण्या, नागपूरभोवती बाजारगाव-काटोलच्या पट्ट्यातले स्फोटकांचे खासगी कारखाने आणि आपल्याच जिल्ह्यातला पुलगावचा दारूगोळा डेपो. रॉकेटच्या घन इंधनात अमोनियम परक्लोरेट प्राणवायू पुरवतं, अॅल्युमिनियमची बारीक भुकटी जळण म्हणून असते आणि रबरासारख्या चिकट द्रव्यात हे सगळं कालवून ओतून घट्ट करतात. रॉकेट आकाशात जातं. ते इंधन तोलणारे, कालवणारे, पेट्यांत भरणारे हात मात्र जमिनीवर असतात, आणि ते पुष्कळदा आपल्या गावांतले असतात.

२०१६ च्या ३१ मेला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या डेपोत आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसं गेली. त्यांत मोठा वाटा आग विझवायला धावलेल्या डेपोच्याच अग्निशमन जवानांचा होता. आसपासच्या गावांतले लोक त्या रात्री घरं सोडून रस्त्यावर आले होते. नंतर चौकशीत रणगाडाविरोधी सुरुंगांतून झिरपणाऱ्या टीएनटी या स्फोटकाकडे बोट दाखवलं गेलं. जवळपास अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करायला आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. मेलेल्यांत ठेकेदाराकडे रोजाने काम करणारे गावकरी होते. ३ फेब्रुवारी २०२१ ला भूगावच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या देखभालीचं काम चालू असताना तीसहून अधिक कामगार जखमी झाले.

हे आपल्या जिल्ह्यातलं. शेजारी पाहा. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावात स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले, त्यांत सहा स्त्रिया. जून २०२४ मध्ये धामणा इथल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात तरुण मुली गेल्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटाने छप्पर कोसळून किमान आठ कामगार गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमरेडला अॅल्युमिनियमच्या भुकटीचा स्फोट झाला. भुकटीचा स्फोट होतो हे पुष्कळांना पटत नाही. ओंडका पेटायला वेळ घेतो, पण तोच भुसा होऊन हवेत उडाला की भपकन पेटतो. धातूचंही तसंच आहे. बारीक केलेलं अॅल्युमिनियम बंद जागेत हवेत तरंगत असेल तर एक ठिणगी पुरते. ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. ती त्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला माहीत आहे का, हा खरा प्रश्न आहे.

असं काही घडलं की आपण दोनच शब्द बोलतो. एक नशीब आणि दुसरा हलगर्जी. नेते येतात, मदत जाहीर होते, फाटकासमोर धरणं धरलं जातं, चौकशी बसते. पुढे त्या चौकशीत नेमकं काय सापडलं, हे गेलेल्या माणसाच्या गावाला मराठीत कुणी येऊन सांगत नाही. त्यामुळे शेजारच्या कारखान्याला त्यातून काही शिकता येत नाही आणि दुसऱ्या वर्षी तशाच खोलीत तसंच काहीतरी घडतं. मला या गोष्टीचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

विमानाच्या जगाने हा रस्ता फार आधी सोडला. म्हणूनच मी म्हणतो, की एरोस्पेस शिकणाऱ्या मुलाने तिथली खरी कमाई उचलावी. ती इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठी आहे. विमान पडलं की चौकशीचा हेतू अपघात पुन्हा होऊ नये हा असतो, दोष कुणाचा हे ठरवणं नसतो, असं आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलेलं आहे. अहवाल छापला जातो, जगातलं कुणीही तो वाचू शकतं. १९७६ पासून अमेरिकेत नासा एक व्यवस्था चालवते. वैमानिक, मेकॅनिक, हवाई नियंत्रक आपल्या हातून झालेली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग तिथे कळवतात आणि त्यांचं नाव गुप्त राहतं. चूक सांगणाऱ्याला शिक्षा झाली तर दुसऱ्या दिवसापासून कुणी काही सांगणार नाही, हे त्या लोकांना समजलं होतं. आपल्या कारखान्यांत आजही ‘निअर मिस’चा, म्हणजे अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगाचा, कागद भरणारा कामगार सुपरवायझरला नकोसा होतो.

कोझिकोडचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. ७ ऑगस्ट २०२० ला पावसात उतरताना एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीपलीकडे घसरून खाली कोसळलं, एकवीस जण गेले. विमानाचे कॅप्टन दीपक साठे. त्यांचे आईवडील नागपूरचे, ते स्वतः हवाई दलात नावाजलेले. नागपूर त्या दिवशी हळहळलं. वर्षभराने भारताच्या विमान अपघात चौकशी विभागाचा अहवाल आला. उतरणं नीट स्थिरावलेलं नव्हतं, विमान धावपट्टीच्या बऱ्याच पुढे टेकलं, सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना केली तरी ते खाली नेलं गेलं आणि सहवैमानिकानेही ताबा घेतला नाही, असं त्यात लिहिलं आहे. पण अहवाल तिथे थांबला नाही. अनुभवी कॅप्टन आणि तरुण सहवैमानिक यांच्यातल्या अधिकाराच्या उतरंडीवर आणि कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटींवरही त्याने लिहिलं. गेलेल्या माणसाबद्दलचा आदर तसाच ठेवून इतकं स्पष्ट बोलता येतं. धाकट्याने मोठ्याला ‘थांबा’ म्हणायचं आणि मोठ्याने थांबायचं, हे वैमानिकांना आता वर्गात शिकवलं जातं. आपल्या शिफ्टमध्ये हेल्परने फोरमनला ‘साहेब, वास येतो आहे, थांबा’ म्हटलं तर काय होतं, ते तुम्ही आपापल्या घरातल्या कामगाराला विचारा.

अंतराळाच्या गोष्टीत तर हे आणखी ठळक दिसतं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान उडण्याच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीमुळे रबराच्या कड्या कडक होतील, उड्डाण नको, असं बजावलं होतं. वरिष्ठांनी ते मोडून काढलं आणि सात जण गेले. २००३ मध्ये कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या डाव्या पंखावर उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळला होता. काही इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मिळवण्याची मागणी केली, ती वर पोचून विरली. चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष संस्थेच्या सवयींना दिला. आपल्या देशातही फेब्रुवारी २००४ मध्ये श्रीहरिकोट्याला घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा जण मरण पावले. अपघात उड्डाणाचा नव्हता, जमिनीवरच्या कामाचा होता. एरोस्पेस आणि कामाच्या जागेची सुरक्षा हे दोन वेगळे विषय नाहीत, हे या एका घटनेवरून कळावं.

मग या विषयात शिकतात काय? ‘सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट घातलं का ते बघणारा’ अशी समजूत आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. पहिला प्रश्न असा, की हे धोक्याचं काम करायलाच हवं का? करायचंच असेल तर कमी धोक्याचा पदार्थ वापरता येईल का? तेही नसेल तर यंत्राची रचना अशी करता येईल का, की माणूस धोक्यापासून लांब राहील? त्यानंतर कामाची पद्धत, परवाना, प्रशिक्षण. आणि सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी हेल्मेट. हा क्रम डोक्यात बसला की कारखान्याकडे बघण्याची नजर बदलते. स्फोटकांच्या प्रत्येक इमारतीवर किती माणसं आणि किती माल आत असू शकतो, याची मर्यादा लिहिलेली असते. ती का? स्फोट झालाच तर कमीत कमी माणसं सापडावीत म्हणून. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीपर्यंतचं अंतर आणि मधला मातीचा बांध याचंही गणित असतं. कापडाच्या घर्षणाने अंगावर साठणारी वीज किती, ती जमिनीत कशी सोडायची, धुळीचा थर तुळईवर किती साठला की धोका होतो, बंद भट्टीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा कशी मोजायची, हे सगळं मोजता येतं, शिकवता येतं आणि परीक्षेत विचारता येतं. हुशार मुलाच्या बुद्धीला पुरून उरेल असा हा विषय आहे.

विमान दुरुस्तीच्या हँगरमधली एक पद्धत मला फार आवडते. तिथे हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती कोरलेली असते. शिफ्ट संपताना एक जरी जागा रिकामी दिसली, तर तो पाना सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. कुणी पाना लपवला म्हणून ओरडत नाहीत, सगळे मिळून शोधतात. पंधरा रुपयांच्या स्क्रू-ड्रायव्हरसाठी एवढी धडपड कशाला, असं तिथे कुणी म्हणत नाही. विमान दुरुस्तीचा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षेत ‘मानवी घटक’ नावाचा पेपर द्यावा लागतो. थकवा, घाई, वरिष्ठांचा दबाव, अर्धवट सांगितलेला निरोप, ‘रोजच तर करतो’ ही बेफिकिरी, यांनी चुका कशा होतात ते त्यात शिकवतात. हा पेपर प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रत्येक आयटीआयमध्ये असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

१९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छत उड्डाणातच उडून गेलं. विमानात चढताना एका प्रवाशाला पत्र्यावर भेग दिसली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. एवढे जाणकार लोक आहेत, त्यांना माहीत असेलच, असं कुणालाही वाटलं असतं. हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव आहे, आणि शिक्षणाने तो बदलता येतो.

आता रस्ते सांगतो, कारण नुसता उपदेश करून भागत नाही.

ज्यांना विमानाकडे जायचं आहे त्यांनी एरोस्पेसची पदवीच मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नये. सेवाग्रामच्याच बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा जवळच्या दुसऱ्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल नीट शिकून गेट परीक्षा दिली, तर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एरोस्पेसचं पुढचं शिक्षण घेता येतं. गेटमध्ये एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेतलेल्यांना विमान देखभालीच्या परवान्याचा रस्ता आहे. मात्र संस्था डीजीसीएने मान्य केलेली आहे का, हे फी भरण्याआधी तपासा. इतक्या लांब जायचं नसेल त्यांनीही घाबरू नये. दहावी झालेल्या, अठरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र घेता येतं. वावरात ड्रोनने फवारणी सुरू झाली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर मरण पावले, हे आपण विसरू नये. शेत हीसुद्धा कामाची जागा आहे. फवाऱ्याचा थेंब माणसापासून लांब ठेवणं हीही या विषयातलीच गोष्ट आहे.

ज्यांना सुरक्षेकडेच यायचं आहे त्यांच्यासाठी विदर्भात जी सोय आहे ती पुष्कळ ठिकाणी नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. १९५६ मध्ये रामपूरला सुरू होऊन दुसऱ्या वर्षी ते नागपूरला आलं. फायर इंजिनिअरिंगची पदवी तिथे मिळते. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका घेऊन काही वर्षं कारखान्यात काम केलं, की औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका करता येते. अशी पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची आहे, आणि मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेतही आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलांनाही सांगतो. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत शिकणाऱ्यांनी एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करण्याचा जरूर विचार करावा. कारखान्याचा डॉक्टर हा भाजलेल्याला मलम लावणारा नसतो. कोणत्या खात्यातल्या कामगारांना खोकला जास्त आहे, हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसायला हवं.

इथे एक सावधगिरी. शनिवार-रविवारच्या ‘सेफ्टी कोर्स’च्या जाहिराती पुष्कळ निघाल्या आहेत. काही परदेशी प्रमाणपत्रं आखाती देशांत उपयोगी पडतात, ती जरूर घ्या. पण महाराष्ट्रातल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी व्हायला राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविकाच लागते. पैसे भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा. आईवडिलांनी यात भीड ठेवू नये.

नोकरी मिळेल का, असं विचाराल. कारखाने अधिनियमात एक हजार किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता. कामाच्या जागेच्या सुरक्षेबद्दलच्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा पाचशेवर आली आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात आणि मोठ्या बांधकामावर अडीचशे, खाणीत शंभर. म्हणजे जिथे काल हे पद नव्हतं तिथे ते निर्माण व्हावं लागेल. ते कागदावर भरलं जाईल की शिकलेल्या माणसाने, हे तुम्ही शिकता की नाही यावर पुष्कळसं अवलंबून आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्राच्या नियमांत सुरक्षा अधिकाऱ्याला त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी यायला हवी, अशी अट आहे. दिल्ली-चेन्नईहून आलेल्या हुशार माणसाला जे शिकून घ्यावं लागेल ते तुमच्याकडे जन्मापासून आहे. धामणा-बाजारगावच्या पाळीवर जाणाऱ्या बाईला तिच्या बोलीत धोका समजावून सांगणारा माणूस तिच्याच तालुक्यातला असावा, यापेक्षा चांगलं काय? ठेकेदारांनी बिहार-झारखंडहून आणलेले मजूर असतील तर त्यांच्यासाठी हिंदीही आपल्याला येतेच.

काही जण म्हणतील, बापूंच्या गावात बसून दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या नोकरीचं काय सांगता? हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळत नाही. हे कारखाने असावेत की नसावेत, यावर सेवाग्रामने आपलं मत मांडत राहावं. पण आज सकाळच्या बसने तिथे आपली मुलं, मुली, भावजया जात आहेत. त्यांनी संध्याकाळी धडधाकट परत यावं, यात मतभेद होण्यासारखं काही नाही. शिवाय ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून बापूंची नई तालीम उभी राहिली, तिचं म्हणणं काय होतं? हाताने काम शिका, आणि त्या कामातल्या प्रत्येक क्रियेचं कारणही शिका. टकळी चालवणाऱ्या मुलाला सूत का तुटतं ते कळलं पाहिजे. आपल्या कारखान्यांत कामगाराला ‘असं कर’ सांगतात, ‘असं का’ हे सांगत नाहीत. कारण न कळलेला नियम घाईच्या दिवशी सगळ्यात आधी मोडला जातो. सुरक्षेचं शिक्षण म्हणजे हे कारण सांगणं आहे, आणि ते सांगायला सेवाग्रामच्या मुलांपेक्षा योग्य कोण?

प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलं इंटरनेटवरून तयार मॉडेल उचलतात आणि बांधणी केलेला रिपोर्ट कपाटात जातो. त्याऐवजी त्यांना जवळच्या जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर पाठवा. कापसाच्या जिनमध्ये आग कशी लागते, पट्ट्याला जाळी का नाही, वेल्डिंगच्या धुराचं काय होतं, हे मोजून आणू द्या आणि मालकाला परवडेल असा उपाय काढू द्या. त्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत बोलायला काही खरं असेल, आणि एखाद्या मजुराचा हात वाचेल. विद्यापीठाने सुरक्षा हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा करावा. निवडक म्हणून ठेवला की तो सोपे गुण मिळवायचा विषय होतो.

सरकारकडेही मागणी आहे. प्राणघातक औद्योगिक अपघाताचा चौकशी अहवाल, देशाच्या सुरक्षेला बाधा येईल तेवढा भाग वगळून, मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे. विमानाचा होतो, तर ज्या खोलीत नऊ जण गेले त्या खोलीचा का होऊ नये?

आणि जे आज कामावर जात आहेत त्यांच्यासाठी. नव्या संहितेने प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. ते मागून घ्या, ठेकेदाराकडे असाल तरी मागा. अपघात झाला तर भरपाईच्या वेळी तो कागद नसल्याने घरं उघडी पडतात. कामावर जीवघेणा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीमार्फत बोला. लेखी द्या, आणि प्रत जवळ ठेवा. मोठ्या कारखान्यात अशी समिती असावी लागते. तुमच्याकडे ती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे उद्याच विचारा.

आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी ‘मी फायर इंजिनिअरिंग घेतो’, ‘मी सेफ्टी करते’ म्हणाली तर नाक मुरडू नका. डॉक्टर माणूस आजारी पडल्यावर त्याला वाचवतो. ही मुलं माणूस भाजण्याच्या आधी वाचवणार आहेत, आणि त्यांनी कुणाला वाचवलं हे कधी वर्तमानपत्रात छापून येणार नाही. घरात त्यांना मान मिळाला तर त्यांना बाहेर टिकून राहायला बळ येईल. कारण या कामात ‘नाही’ म्हणावं लागतं. उत्पादन अडलेलं असताना, साहेब घड्याळ बघत असताना, ‘परमिट नाही, भट्टीत कुणी उतरणार नाही’ असं म्हणावं लागतं.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. कारखान्यांत त्या दिवशी शपथ होते, बिल्ले लावले जातात, पोस्टरची स्पर्धा होते. यंदा वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजने आणि आयटीआयने त्या दिवशी एका अपघाताचा अहवाल घ्यावा, कोझिकोडचा घेतला तरी चालेल, आणि तो मराठीत मुलांसमोर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. मग पुलगावच्या, भूगावच्या एखाद्या कामगाराला बोलवावं, त्याला बोलू द्यावं, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.